तटामागचं पाणी

पोलादपूरहून डोंगरात चढणाऱ्या रस्त्याने वर गेलं की माझ्या थोरल्या बहिणीची वाडी लागते. वाडीच्या तोंडाशी हल्ली किल्ल्याचा दरवाजा आहे. दोन बुरूज, मध्ये कमान, वर कंगोरे, आणि काळ्या रंगावर पांढऱ्या रेघा मारून काढलेले दगड. एसटी आतून जावी म्हणून कमान चांगली उंच ठेवली आहे. एसटी वाडीपर्यंत येत नाही, खालच्या फाट्यावरूनच वळते.

मी महाडला राहतो. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालो आणि त्यानंतर जुन्या इमारती बघत हिंडायची सवय उरली. रायगडाच्या पायथ्याशी जन्म गेलेल्या माणसाला किल्ल्यांबद्दल काही सांगायची सोय नसते, कारण इथे प्रत्येकाला सगळं आधीच माहीत असतं. तरी एक गोष्ट मी मुलांना दर वर्षी दाखवायचो. जुन्या किल्ल्याचा खरा दरवाजा लांबून दिसत नाही. दोन बुरूज एकमेकांच्या आड असे घेतलेले असतात की शेवटचं वळण घेईपर्यंत तिथे दरवाजा आहे याचा पत्ता लागू नये. ज्यांनी तो बांधला त्यांना कोणाची तरी भीती वाटत होती आणि ती त्यांनी दगडात सरळ लिहून ठेवली. आजच्या कमानी दोन वळणं आधीपासून दिसतात. भीती आम्हालाही वाटते, पण ती कोणी आपल्याकडे बघणारच नाही याची.

हा दरवाजा माझ्या भाच्याने, त्याच बहिणीच्या मुलाने, बांधला. एकट्याने नव्हे, वाडीच्या मुंबई मंडळाने. पण पुढे तो होता. लोअर परळला नोकरी करतो, मे महिन्यात आणि गणपतीला गावी येतो, आणि गावावर त्याचं प्रेम आहे. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झालं ते प्रेमातूनच झालं आणि म्हणून त्याच्याशी भांडणं फार कठीण होतं.

दरवाजा हे नुसतं तोंड. खरं काम वाडीच्या मागे झालं होतं.

वाडीच्या मागे डोंगर सरळ उभा आहे. वर लाल मातीचा जाड थर, खाली काळा कातळ. डोंगर आणि घरं यांच्यामध्ये एक जुनी भिंत होती. पुरुषभर उंच, काळ्या दगडाची, चुना किंवा माती न घालता नुसते दगड दगडात बसवून रचलेली. गावात तिला बांध म्हणतात. तिच्या खालच्या अंगाला, आमच्या आक्काच्या घराशेजारी, त्याच पद्धतीने बांधलेलं ग्रामदेवाचं देऊळ आहे. आमच्या भागात दगड काळा असला आणि वर गवत उगवलेलं असलं की देऊळ हेमाडपंती ठरतं, आणि पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं असतं ते वेगळं. पण हे देऊळ खरोखरच त्या घडणीचं आहे. आत कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकत टाकत छत वर मिटवत नेलेलं, बुटके खांब, गाभाऱ्यात शिरताना मान वाकवायला लावणारं दार. बाहेर एक वीरगळ आहे. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत मेलेल्या वीराला उचलून नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. कोणाच्या पळवलेल्या गायी सोडवताना, कोणाच्या सांगण्यावरून तो मेला हे दगड सांगत नाही. आक्का लग्न होऊन आली तेव्हा त्यावर बायका कपडे आपटत. आता त्याला शेंदूर लागला आहे.

किल्ला राजाबद्दल सांगतो, देऊळ ज्याने पैसा दिला त्याच्याबद्दल. ज्यांनी दगड वाहिले त्यांची घरं कुडाची होती, ती कधीच मातीत गेली. त्या माणसांनी स्वतःसाठी बांधलेलं आणि टिकलेलं असं काही बघायला मिळत नाही, ही माझी जुनी तक्रार. म्हणून मला त्या वाडीत देवळापेक्षा बांध आवडायचा. त्यावर लेख नाही, नक्षी नाही, कोणाचं नाव नाही. कोणत्या शतकात रचला हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण रचणाऱ्यांना घोडदळाची भीती नव्हती, डोंगरातून येणाऱ्या पाण्याची होती, हे त्याच्याकडे बघून कळायचं. पाणी अडवायचं नाही, माती अडवायची, एवढं त्यांनी ठरवलं होतं. पावसाळाभर बांध फटीफटीतून गळायचा. आक्काच्या मागच्या दारी त्याची इतकी चांगली धार लागायची की ती तिथे भांडी घासायची. पाणी नितळ असायचं. तळाची वाळू दिसायची.

मंडळाने त्या बांधाचा तट केला.

उद्घाटनाला मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं होतं, कारण इतिहासाचा माणूस फुकट मिळत होता. शाल, नारळ, आणि ज्याला फेटा बांधता येतो असा महाडचा एक माणूस. वाडीतले सगळे मला मामा म्हणतात. आक्काची मुलं म्हणायची, त्यांचं बघून बाकीच्यांनीही धरलं, आता माझ्या वयाची माणसंही म्हणतात. भाचा मला मागे घेऊन गेला. बांध दिसेनासा झाला होता. त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सिमेंटचा जाड गिलावा, गिलाव्यावर काळा रंग, रंगावर पांढऱ्या सांध्यांच्या रेघा. खऱ्या दगडावर खोटे दगड काढलेले होते, आणि खोटे जास्त सरळ होते. वर कंगोरे, बंदुका रोखायच्या जंग्या, दर चार पावलांवर भगवा.

मी विचारलं, "पाण्याला वाट कुठे ठेवलीस?"

"मामा, आता गळत नाय," तो म्हणाला. "फुल वॉटरप्रूफ. तो पावडरवाला माल मारलाय आतून. आयचं मागचं दार बघा, किती साफ झालं. आधी शेवाळ नुसतं."

"गळायलाच हवं होतं ते."

"मामा, तुम्हाला जुनं ते सगळं आवडतं."

मागे उभे असलेले हसले. मी भाषणात पुन्हा तेच सांगितलं: जुन्या घडणीत चुना नसतो तो गरिबीमुळे नव्हे, पाण्याला जायला जागा लागते म्हणून. टाळ्या मिळाल्या. नंतर एकाने जवळ येऊन भाषण छान झाल्याचं सांगितलं आणि महाराजांनी इथे मुक्काम केला होता का, असं विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला.

आषाढात मी वर गेलो. पाऊस तीन-चार दिवस लागून राहिला होता आणि आमच्याकडे तसा पाऊस लागला की प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने कान टवकारून असतो. महाडला मी खिडकीतून सावित्री नदीकडे बघतो. माझ्या घरात पुराची रेघ अजून भिंतीवर आहे, रंगाखालून वर येते. वरच्या वाड्यांतले लोक डोंगराकडे बघतात. दरडीखाली गेलेलं तळीये तिथून फार लांब नाही. त्या गावाचं नाव वाडीत कोणी मोठ्याने घेत नाही.

आक्काच्या मागच्या दारी गेलो. पाऊस कोसळत होता आणि तट वरून भिजत होता, पण त्याच्या अंगातून पाणी येत नव्हतं. एक थेंब नाही. पावसाळ्यात त्या जागी उभं राहून पाण्याचा आवाज ऐकू आला नाही असं पहिल्यांदाच झालं. मला तिथे बरं वाटेना. वर डोंगरभर पाणी मुरत होतं, आणि ते कुठे जात होतं?

"किती कोरडं झालंय बघ," आक्का म्हणाली. "पाय घसरत नाय आता."

"आक्का, थोडे दिवस महाडला चल."

"कशाला? तुज्या घरात पाणी येतं, माज्या घरात येत नाय. तू ये हितं."

जिथे सांगायचं त्या सरकारी कचेऱ्यांत मी सांगितलं होतं. बघायला येऊ असं उत्तर मिळालं आणि ते खोटं नसणार; अशी वाडी या दोन तालुक्यांत एकच नाही. मग मी वाडीतल्या लोकांना देवळात बसवलं आणि तटाला खालून भोकं पाडू द्या म्हणून हात जोडले. भाचा फोनच्या पडद्यावर होता. गुरवाने फोन खांबाला टेकवून ठेवला होता, त्यामुळे भाचा थोडा तिरपा दिसत होता.

"मामा, रंगाची वॉरंटी हाय. होल मारलं की गेली," फोन म्हणाला.

"तटाला पूजा झालीय," एक म्हातारा म्हणाला. "नारळ वाढवलाय. आता त्याला पहार लावायची तर देवाला विचारायला पायजे."

यावर सगळ्यांचं एकमत झालं. मला वाटतं ते सुटले. निर्णय आता त्यांच्याकडे राहिला नव्हता.

आमच्याकडे कौल लावतात. गुरव मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या खांद्यावर ओल्या बोटाने तगरीची एकेक कळी चिकटवतो, प्रश्न विचारतो आणि सगळे गप्प बसतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी देवाधर्मातला नाही. पण त्या दिवशी मी गाभाऱ्याच्या दारात मान वाकवून बसलो आणि उजव्या कळीकडे असा बघत होतो की एखाद्या भक्ताला लाज वाटावी.

कळी पडली नाही. डावीही पडली नाही.

चहा आला, पिऊन झाला. कोणीतरी तंबाखू मळली. गुरवाने प्रश्न पुन्हा विचारला, आवाज चढवून, देव जरा कमी ऐकतो असं धरून. कळ्या तशाच. फोनची बॅटरी संपली आणि भाचा काळा झाला.

"असं कधी झालं होतं?" मी गुरवाला विचारलं.

"नाय बा. पावसातपण चहाच्या आत पडती. देव बोलत नाय आज."

मी पुढे सरकून मूर्तीच्या पाठीमागे हात घातला. दगड ओला होता. भिजवलेला ओला नव्हे; त्याच्या अंगातून बारीक थेंब फुटत होते आणि पायाशी जमिनीच्या सांध्यातून पाणी वर येत होतं. या देवळाचं जोतं उंच आहे, मागच्या बाजूला मकराच्या तोंडाचं पन्हाळं आहे, पाण्याचा निचरा व्हावा याच हिशेबाने ते बांधलं आहे. इतकी शतकं त्या गाभाऱ्यात खालून पाणी आलं नसणार. तटाने अडवलेलं पाणी देवळाखाली घुसलं होतं, आणि दगड वाळत नव्हता म्हणून कळ्या सुटत नव्हत्या. मी हे सगळं समजावून सांगितलं. जोतं दाखवलं, सांधे दाखवले, लोकांना मूर्तीच्या पाठीला हात लावायला लावला. त्यांनी हात लावला आणि तोच हात डोळ्यांना लावला.

"मामा," मागून एक जण म्हणाला, "तुमच्या प्रश्नानं देवाला घाम फुटला."

हशा झाला. त्या हशात मीही थोडा हसलो असेन. देव बोलला नाही म्हणजे जैसे थे, असं ठरलं आणि माणसं छत्र्या उघडून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काच्या पडवीतली पहार घेऊन मी तटाशी गेलो. माझं वय आणि माझे हात बघता ते दृश्य भव्य नव्हतं. माणसं जमली. कोणी मला अडवलं नाही, कारण वाडीच्या सुनेच्या भावाला हात लावायचा नसतो. तो रागावून जेवणावरून उठून गेला तरी त्याला समजावून परत आणायचं असतं. अंगावर धावून यायची सोयच नव्हती. ते बाजूला उभे राहून सूचना करत राहिले.

"मामा, पहार वाकडी धरलीत."

"दमला असाल तर बसा."

"रंग गेला रे सगळा."

गिलावा पोकळ वाजला. मग त्याचा पापुद्रा निघाला आणि आत जुना बांध दिसला, होता तसाच, काळा. त्याच्या एका फटीत मी पहार घातली. आधी काही झालं नाही. मग फट फुरफुरली आणि माझ्या गुडघ्यावर पाण्याची चिळकांडी बसली. बघणारे मागे सरले.

पाणी लाल होतं. विटकरी, दाट, हातात घेतलं तर बोटांत माती राहील असं. मी वाट बघितली. साचलेला गाळ असेल, निघून जाईल, मागून नितळ येईल. ते येईना. बांधामागची माती पाण्याबरोबर वाहायला लागली होती.

आक्का भांडं घेऊन आली. सवयीने आली असावी. त्या जागी पाणी आलं म्हणजे भांडं घेऊन जायचं, हे तिला लग्नापासून माहीत. तिने भांडं धारेखाली धरलं, आत बघितलं आणि ओतून दिलं. पुन्हा धरलं, पुन्हा ओतलं. मग घरात गेली आणि देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधून बाहेर आली.

"चल," म्हणाली.

अर्धी वाडी त्या दिवशी खालच्या शाळेत उतरली. शेजारणीने विचारलं, "गो, देवाला इचारलंस का?" आक्का म्हणाली, "देव माज्याकडंच हायेत," आणि गाठोडं दाखवलं.

डोंगर खाली आला नाही.

हे वाक्य लिहायला मला किती जड जातं हे सांगता येत नाही. पाऊस ओसरला, लोक शाळेतून वर गेले, घरं जागच्या जागी होती. कोणी मला काही बोललं नाही. आदराने वागले. बाजारात भेटले की "मामा, डोंगर काय म्हणतोय?" एवढंच विचारत. मी मनातून काय इच्छा करायची? डोंगर पडावा आणि मी खरा ठरावा? की उभा राहावा आणि माझं कोणी कधीच ऐकू नये? एखाद्या माणसाला दोन्ही बाजूंनी असं कोंडता येतं हे मला ठाऊक नव्हतं. रात्रंदिवस पाऊस लागला की मी वाडीतल्या कोणाला तरी फोन करायचो आणि पलीकडून "हां मामा" असा आवाज आला की सुटल्यासारखं वाटायचं आणि पडल्यासारखंही.

आक्का माझ्याकडे राहिली. तिला महाड सोसलं नाही. सगळं सपाट, तिची तक्रार होती, डोळ्याला टेकायला काही नाही. एकदा मी तिला महाडजवळच्या सव गावच्या गरम झऱ्यांवर नेलं, गुडघ्यांना बरं म्हणून. तिने पाय बुडवून बसल्या बसल्या झऱ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि बघितलं. "नितळ हाय," एवढंच म्हणाली.

चैत्रात भाचा आला. आईला घरी न्यायचं तर रीतसर, म्हणून पुन्हा कौल लावायचं ठरलं. मला नको होतं पण मी गेलो. देऊळ उन्हाने तापलं होतं. आत दगड भाजल्यासारखा कोरडा, सांध्यात धूळ. गुरवाने कळ्या लावल्या आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत उजवी टपकन पडली.

"बघा मामा," भाचा म्हणाला.

"दगड कोरडा आहे रे. आज काहीही विचारलं तरी पडेल."

"मामा, देव गप्प बसला तरी तुम्हाला प्रॉब्लेम, बोलला तरी प्रॉब्लेम." तो चिडून बोलला नाही. आईचं गाठोडं त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं, मुंबईचे बूट घालून, सगळ्या वाडीदेखत. त्याचा हा मुलगा म्हणून असलेला चांगुलपणा माझ्या प्रत्येक युक्तिवादाच्या आडवा येत असे. "आणि तुमचा मान राखलाय. चला दाखवतो."

तटाला मी पाडलेलं भोक नीट केलं होतं. तिथे आता फायबरचं गोमुख बसवलं होतं, सोनेरी. जुन्या कारागिरांनी मकर आणि गोमुखं घडवली ती पाणी जिथून पडतं तिथेच. आधी पाणी, मग त्याला तोंड. मी वाकून गोमुखाच्या तोंडात काठी घातली. वीतभर जाऊन ती सिमेंटवर थांबली.

"आतून बंद आहे."

"मामा, उघडं ठेवलं तर साप शिरतात."

मी पहार मागितली. ती सापडेना. कोणाच्याच घरातली पहार त्या दिवशी सापडेना. लोक खरोखर शोधत होते, गोठ्यांत वाकून, आणि एकमेकांकडे बघत नव्हते.

आक्काचं चित्त थाऱ्यावर आलं होतं. ओटा सारवला, चूल पेटवली. तिला मी त्या संध्याकाळी सांगितलं की पाऊस सुरू झाला की मी इथे येऊन राहणार, आणि मी चल म्हणेन तेव्हा तिने यायचं.

"तू तर पहिल्या सरीलाच चल म्हणशील. तू घाबरट हायेस, लहानपणापासनं."

"मग कोण म्हटल्यावर येशील?"

तिने विचार केला. "देव बोलायचा थांबला तर येईन. चहा होऊन गेला तरी कळी नाय पडली, तर."

असा आमचा करार झाला. तिच्या बाजूने तो देवाशी होता, माझ्या बाजूने दगडाच्या ओलीशी. कळी दोघांची एकच. या डोंगरासाठी धरला तेवढा हट्ट मी आयुष्यात कशासाठीच धरला नव्हता, आणि शेवटी माझ्या हातात उरलं ते हे.

पावसाळ्यात मी वाडीत राहायला गेलो. रोज सकाळी देवळात जायचो, मान वाकवून आत शिरायचो आणि गुरवाला कौल लावायला सांगायचो. गुरव खूश. त्याने गावभर सांगितलं की मामा भाविक झाले, उशिरा का होईना. प्रश्नाशिवाय कौल लागत नाही, म्हणून मी काहीतरी विचारायचो. आज उघडीप होईल का. फाट्यावर भाजी येईल का. देव होय म्हणाला काय, नाही म्हणाला काय, मला सारखंच. कळी पडण्याशी मतलब. गुरव चहाचा पेला पुढे करायचा आणि मी त्यातून वर येणारी वाफ आणि देवाचे खांदे असा दोन्हींकडे बघत बसायचो. सुरुवातीला पेला तोंडाला लावायच्या आत कळी पडे. मग अर्ध्या पेल्याला. मग तळाशी साखर दिसायला लागल्यावर. मी घरी येऊन आक्काला सांगायचो, पडली. ती मान हलवून कामाला लागायची. मी मागच्या दारी जाऊन सोनेरी गोमुखाखाली उभा राहायचो. त्यातून काही येत नसे.

एका सकाळी चहा संपला, गुरवाने पेले विसळून पालथे घातले, आणि दोन्ही कळ्या खांद्यांवर होत्या. मी मूर्तीच्या पाठीला हात लावला नाही. पायाखालचीच फरशी ओली लागत होती.

"काय इचारलंवतं मामा आज?" गुरव म्हणाला.

आज मी काही विचारायचं विसरलो होतो. तसं सांगितलं.

"मंग तो काय सांगंल?"

मी त्याला म्हटलं, तूही चल, पोरं घेऊन शाळेत उतर, सगळ्यांना सांग. तो माझ्याकडे मायेने बघत राहिला. "गेल्या साली उतरलोवतो की," म्हणाला. दारोदार गेलो. प्रत्येक घरात मला चहा विचारला. एका घरात टीव्हीवर कोणत्या तरी किल्ल्यावरचा सोहळा चालला होता, तुतारी वाजत होती आणि मला बोलताना आवाज चढवावा लागला. येतो मामा, बघतो मामा, गुरांचं बघतो मग येतो. कोणी नाही म्हटलं नाही. माझं ऐकायचं नाही हे त्यांनी इतक्या अदबीने केलं की मला कोणावर ओरडताही आलं नाही.

घरी आलो. आक्का चुलीशी होती.

"नाही पडली," मी म्हटलं.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी खोटं बोलतोय का ते तिने बघितलं. देवाच्या नावाने मी खोटं बोलू शकतो हे तिला माहीत होतं, आणि मी तसा विचार केला होता हेही बहुधा.

"चहा झालावता?"

"पेले धुऊन ठेवले."

ती उठली. देव फडक्यात बांधले. मग परत चुलीशी जाऊन बसली.

"आक्का."

"भात टाकलाय. खाऊन जाऊ."

मी ओट्यावर, तटाकडे तोंड करून बसलो. भात शिजायला वेळ लागतो. पाऊस एकसारखा होता, तट काळाभोर दिसत होता, त्यावरच्या पांढऱ्या रेघा धुऊन जास्तच सरळ झाल्या होत्या, आणि भिंतीमागे काय चाललंय याचा काही आवाज नव्हता. आत आक्का मला वाढायला ताट पुसत होती. आम्ही जेवलो. तिने मला पुन्हा भात वाढला आणि मी तो खाल्ला.

उतरताना आम्ही दोघंच होतो. दरवाजाच्या कमानीखाली ती दम खायला थांबली, कारण तिथे पाऊस लागत नव्हता. त्या दरवाजाचा तेवढा उपयोग मला मान्य केला पाहिजे. तिने मागे वळून घराकडे बघितलं, मग डोंगराकडे. हे लिहितोय तोवर तो उभा आहे आणि मी रोज सकाळी गुरवाला फोन करतो.

"चैत्रात येऊ," ती म्हणाली. "देवाला इचारून."

मी गाठोडं उचललं. चैत्रात दगड कोरडा असतो.